शेपटीवाला की आटेवाला?

मी धातू कापायचं छोटं मिलिंग मशीन घेतल्याचं कळलं की लोक हमखास विचारतात, ‘केवढ्याला पडलं?’ मी बिनधास्त किंमत सांगतो. होल्डरवर किती गेले, हे मात्र आमच्या घरातही कोणाला माहीत नाही.

मशीनच्या स्पिंडलला, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला, खाली भोक असतं. त्यात होल्डर, होल्डरमध्ये कोलेट (हत्यार आवळून धरणारी चिरा पाडलेली नळी), कोलेटमध्ये एंडमिल, म्हणजे कापणारं हत्यार. प्रकरण इथेच संपलं असतं, पण ते भोक निमुळतं असतं आणि निमुळत्या भोकांचे पंथ आहेत. आर-8 वाले ब्रिजपोर्ट मशीनचे वारकरी. बीटी-30 वाले सीएनसीतले, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनमधले, कडक शिस्तीचे. त्यांच्या होल्डरच्या शेंड्याला पुल स्टड (वर ओढून धरायचा खुंट) लावावा लागतो. माझ्या नशिबी एमटी-3, म्हणजे मोर्स नावाचा टेपर, निमुळता उतार. हा मुळात ड्रिलसाठी निघालेला. ड्रिल वर दाबतं, त्यामुळे टेपर घट्ट होत जातो. एंडमिल मात्र बाजूने हिसके देते. म्हणून वरून ड्रॉबार, म्हणजे आटे असलेली लांब सळई, घालून होल्डर आवळायचा, आणि त्यासाठी होल्डरच्या शेंड्यात आटे हवेत. बाजारात ढिगाने मिळतात ते चपट्या शेपटीचे, बिनआट्यांचे.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर गेलो.

‘एमटी-थ्रीचा कोलेट होल्डर आहे?’

‘आहे ना!’ शेपटीवाला समोर आला.

‘आटेवाला पाहिजे.’

‘आटे कशाला? ठोकून बसवा, हलणार नाही.’

पुढच्या दुकानात आटे होते, पण अर्ध्या इंचाचे. माझा ड्रॉबार एम-12, म्हणजे 12 मिलिमीटरचा. अर्ध्या इंचाच्या आट्यात तो सुरुवातीला लाडाने शिरतो, मग जो अडतो तो अडतोच. दुकानदार शांतपणे म्हणाले, ‘तेल टाका, जाईल.’ या देशात तेलाने न सुटणारा प्रश्न अजून निघायचाय!

शेवटी एम-12 आट्यांचा, ईआर-32 जातीच्या कोलेटचा होल्डर मिळाला. 2 पासून 20 मिलिमीटरपर्यंतची शँक, म्हणजे हत्याराची दांडी, धरतो, म्हणून खूश होतो. मग कळलं की कोलेट वेगळे, नट आवळायचा पाना वेगळा. कोलेट बसवायचीही रीत आहे: आधी ते तिरकं धरून नटमध्ये टक्कन बसवायचं, मगच नट होल्डरवर फिरवायचा. उलट केलं तर नट सुटतो आणि कोलेट आतच ठाण मांडून बसतं.

होल्डर काढणं हा आणखी वेगळा सोहळा. बीटीचा उतार 24 ला 7, तो ढिला केला की सुटतो. मोर्सचा साधारण 20 ला 1, तो सोडत नाही. ड्रॉबार थोडा सैल करायचा आणि वरून हातोडी घालायची. घाव ड्रॉबारवर, कळ बेअरिंगला. शेजारचे काका खिडकीतून विचारतात, ‘बिघडलं का?’ त्यांना कसं सांगणार की हे चालू असल्याचं लक्षण आहे!

एवढं करून व्हाइस (शिकंजा) लावला, त्यात जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरला, वर होल्डर आणि एंडमिल. मशीनचं डोकं पार वर नेलं तरी एंडमिल जॉबला टेकलेलीच. होल्डरने सगळी उंची खाल्ली होती.

बुटका व्हाइस आहे का, म्हणून त्याच ‘तेल टाका’वाल्यांना फोन केला.

‘व्हाइस कशाला बदलता? सेकंडहँड मोठं मशीन आलंय आपल्याकडे, बीटी-थर्टी. एकदम कंडिशनमध्ये.’

घ्यायचं नव्हतं. तरी तोंडातून निघून गेलं, ‘होल्डर सोबत आहेत?’

‘आहेत ना! फक्त पुल स्टड तुम्हाला बघावे लागतील.’