पाकीट तेवढंच, तेल कमी

पगार झाला की महिन्याचा किराणा भरायचा, आणि डोकं सणकायचं ठरलेलं. यादी तीच, खाणारी तोंडं तीच, बिल मात्र चढतंच. महागाई समजते हो! निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं आयात शुल्क वाढवलं, तेल कडाडलं. पण ही लपवाछपवी कशाला?

एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. कोपरखैरण्यातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात तीन पाकिटं शेजारीशेजारी, दिसायला अगदी सारखी. एकात ९१०, दुसऱ्यात ८५०, तिसऱ्यात ८०० ग्रॅम. आणि हा आकडा कुठे? मागे, चिकटवलेल्या पट्टीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरात. सासूबाईंना चष्मा लावूनही वाचता येत नाही. पूर्वी ठरावीक वजनाचीच पाकिटं विकायचं बंधन होतं; ते उठलं, बदल्यात दर ग्रॅमचा भाव छापायची सक्ती आली. छापतात, पण दिसेल असा नाही!

मग महिना संपायच्या आत तेल संपतं आणि घरात ऐकायचं मी, "जरा हात आखडून वापर." अहो, माझा हात सैल नाही, पाकीटच हलकं केलंय! भाव वाढवायचाय ना? मग समोर, मोठ्या अक्षरात वाढवा.