कापराच्या पुरचुंडीने खारदुंगला चढता येत नाही

गेल्या रविवारी दादाकडे गेलो, तेव्हा जेवणाच्या टेबलावर जुन्या मलमलीच्या सहा पुरचुंड्या ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीत भीमसेनी कापराचे दोन खडे, चार लवंगा आणि चिमूटभर ओवा. वहिनींनी त्या रात्री जागून शिवल्या होत्या; दादा, वहिनी, त्यांचे आईवडील आणि दोन्ही मुले, अशी प्रत्येकाला एक. पुढच्या महिन्यात हे सगळे विमानाने लेहला उतरणार आहेत आणि त्याच दिवशी भाड्याच्या गाडीने, दादा स्वतः चालवत, ‘खारदुंगला’ ही लेहजवळची उंच खिंड पाहून संध्याकाळी परतणार आहेत. हा बेत कुठून आला हे विचारल्यावर वहिनींनी फोन पुढे केला.

व्हॉट्सॲपवरचा तो मजकूर एव्हाना अनेकांकडे पोहोचला असेल. त्याचा सारांश असा: सकाळी लेहला उतरून त्याच दिवशी खिंड करून या, शरीराला उंची कळायच्या आत तुम्ही खाली आलेले असता, कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगत राहिल्यास रक्तातला ऑक्सिजन वाढतो, धडधाकट माणसाला विरळ हवा बाधत नाही, टायरमधली दहा पॉइंट हवा काढावी, नाहीतर वर टायर फुटतात, उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी, म्हणजे पेट्रोल वाचते, आणि 18,380 फुटांवरचा हा जगातला सर्वांत उंच रस्ता आहे.

सुरुवात कापरापासून करतो, कारण एवढा एकच मुद्दा खोटा असता तरी मी हे लिहिले असते. उंचावरच्या हवेतही ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे 21 टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. खारदुंगलाच्या माथ्यावर हा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असल्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही जेमतेम निम्माच आत जातो. नाक कितीही मोकळे केले, तरी बाहेर जे नाही ते आत येणार नाही. मग कापूर हुंगल्यावर बरे का वाटते? याचे उत्तर 1983 मध्ये ‘ॲक्टा ओटो-लॅरिंगोलॉजिका’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. त्यात बरो, एक्लिस आणि जोन्स या संशोधकांनी लोकांना कापूर, निलगिरी आणि मेंथॉल यांची वाफ हुंगायला दिली आणि नाकातून हवा जाताना होणारा अडथळा यंत्राने मोजला. अडथळ्यात फरक पडला नाही. मात्र बहुतेकांना नाकात गारवा जाणवला आणि श्वास अधिक मोकळा झाल्यासारखे वाटले. कापूर नाकातल्या गारव्याच्या संवेदना जाग्या करतो आणि मेंदू त्याचा अर्थ भरपूर हवा असा लावतो. घरी सर्दी झाली असता या फसगतीने काही बिघडत नाही. खिंडीत मात्र ज्याचे डोके ठणकते आहे आणि ज्याला ताबडतोब खाली आणायला हवे, तो माणूस पुरचुंडी नाकाला लावून ‘आता बरे वाटते’ म्हणत आणखी अर्धा तास वरच थांबतो.

याहून मोठी भीती मला धाकट्या पुतण्याची वाटते. तो पाच वर्षांचा आहे, आणि कापराचा खडा खडीसाखरेसारखाच दिसतो. कापूर पोटात गेल्यास काही मिनिटांत झटके येऊ शकतात आणि लहान मुलांमध्ये एक ग्रॅमच्या आसपास कापूरही प्राणघातक ठरल्याच्या नोंदी आहेत. भीमसेनी असला म्हणून तो निर्धोक होत नाही. दिवसभराच्या प्रवासात कंटाळलेल्या मुलाच्या गळ्यात असे दोन खडे बांधून द्यायचे, हा सल्ला ज्याने लिहिला त्याने एकदा तरी एखाद्या डॉक्टरांना विचारायला हवे होते.

‘शरीराला कळायच्या आत खाली’ या वाक्यात अर्धे सत्य आहे, ते मी नाइलाजाने मान्य करतो. उंचीचा त्रास सहसा पोहोचल्याक्षणी होत नाही. डोकेदुखी, मळमळ, थकवा ही लक्षणे काही तासांनी दिसू लागतात. शिवाय दिवसा किती उंच गेलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात याला अधिक महत्त्व असते. त्यामुळे उंचीला सरावलेला माणूस खिंडीत पंधरा-वीस मिनिटे थांबून खाली आला, तर बहुधा त्याला काही होत नाही. पण मजकूर लिहिणारा हे विसरतो की लेह स्वतःच सुमारे 3,500 मीटरवर आहे. विमानातून उतरल्याक्षणी शरीराची परीक्षा सुरू झालेली असते आणि तिचा निकाल साधारण दुपारपासून रात्रीपर्यंत लागतो. म्हणजे सकाळी सातला उतरून अकराला गाडी काढलीत, तर लेहच्याच उंचीचा त्रास तुम्हाला नेमका आणखी अठराशे मीटर वर असताना सुरू होऊ शकतो. लेहपासून माथा सुमारे 40 किलोमीटर आहे आणि वाट मोकळी असेल तर दीड-दोन तासांत गाठता येतो. परंतु बर्फ पडला, दरड आली किंवा समोरासमोर ट्रक अडकले, तर तेच अंतर उतरायला किती वेळ लागेल हे कोणी सांगू शकत नाही. फुप्फुसात पाणी साचू लागलेल्या किंवा मेंदूला सूज येऊन तोल जाऊ लागलेल्या माणसावरचा मुख्य उपाय खाली उतरणे हाच आहे, आणि नेमका तोच त्या वेळी हाती नसतो. लेहमध्ये पहिले 48 तास विश्रांती घ्या, असे तिथले प्रशासन पर्यटकांना बजावते ते याचसाठी.

धडधाकटपणाचा मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्यालाही उंचीचा त्रास तितकाच होऊ शकतो. किंबहुना दम टिकतो म्हणून तरुण माणसे पहिल्याच दिवशी जास्त धावपळ करतात आणि आजारी पडतात.

टायरबद्दल थोडक्यात. उंचीवर बाहेरचा दाब घटल्यामुळे मापकावर हवा वाढलेली दिसते हे खरे. पण लेहमध्ये तपासलेली हवा माथ्यावर जेमतेम दोन पॉइंटने वाढेल आणि वरच्या थंडीने त्यातली बरीच वाढ पुन्हा कमी होईल. दहा पॉइंट हवा काढलेला टायर दगडगोट्यांच्या वाटेवर बाजूंनी दबतो, तापतो आणि रिमवर आपटून फाटतो. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर जो आकडा दिला असेल, तोच ठेवावा.

न्यूट्रलचा सल्ला जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंधनाचा पुरवठा जवळपास थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि इंजिनाचा रोध गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. सलग वीस-पंचवीस किलोमीटरच्या उतारावर ते तापून निकामी होऊ शकतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हे जुने चालक सांगतात ते योग्यच आहे. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हेही दादाला सांगून ठेवले आहे.

राहिली 18,380 फुटांची गोष्ट. तो आकडा वर्षानुवर्षे माथ्यावरच्या पाटीवर होता, म्हणून लोकांना दोष देत नाही. पण आधुनिक मोजणीनुसार खारदुंगला 5,359 मीटर, म्हणजे 17,582 फूट आहे. लडाखमध्येच ‘उमलिंगला’ या दुसऱ्या खिंडीतला रस्ता 19,024 फुटांवर आहे.

वहिनींशी तासभर बोलल्यावर बेत बदलला आहे. पहिले दोन दिवस लेहमध्येच काढायचे, तेही जिने-टेकड्या न चढता. तिसऱ्या दिवशी सकाळी कोणाचेही डोके दुखत असेल, तर खिंड रद्द. सगळे ठीक असतील तर सकाळी लवकर निघायचे, वर पंधरा मिनिटांहून अधिक थांबायचे नाही आणि दुपारच्या जेवणाला लेहमध्ये परत यायचे. वहिनींच्या वडिलांना रक्तदाब आहे. ते आणि त्यांच्या पत्नी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटतील आणि उंचीचा त्रास टाळण्यासाठीचे ॲसिटाझोलामाइड हे औषध घ्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. पुरचुंड्यांतला कापूर वहिनींनी त्याच संध्याकाळी काढून देवघरातल्या डबीत ठेवला, आणि ती डबी वरच्या फळीवर, धाकट्याचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी.