दगडफुलाची ‘एकच जात’ नसते

महिन्याभरात एकच मजकूर नागपुरातल्या तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आला. म्हणणं असं: दगडफूल म्हणजे दगडावरचं शेवाळ, त्याची जात एकच, ते तुकडे पडून वाढतं, आणि दोन जीवांची सरमिसळ असल्यामुळे डीएनए तपासणीला अर्थ नाही. सावजी मसाल्यात दगडफूल भाजणाऱ्या शहरात हे खरं मानलं जातंय, याचं वाईट वाटतं.

शेवाळाचा मुद्दा लवकर मिटतो. दगडफुलाचा (इंग्रजीत लायकेन) सांगाडा बुरशीचा. शेवाळाच्या पेशी आत राहून अन्न तयार करतात. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी हे १८६०च्या दशकातच मांडलं.

‘एकच जात’ म्हणणाऱ्यांनी इतवारीच्या बाजारातून दगडफुलाची पुडी आणून कागदावर पसरावी. मी पसरली. काही पाकळ्या रुंद, खालून काळ्या, कडेला पिठासारखी भुकटी. काही अरुंद पट्ट्या, खालून पन्हळीसारख्या, कडेला काळे केस. बऱ्याच तुकड्यांना झाडाची साल चिकटलेली, दगड कुठेच नाही. एवढं तर नुसत्या भिंगाने दिसतं. पण डोळे फसतातही. अमेरिका खंडातलं ‘कोरा’ हे दगडफूल अनेक वर्षं एकच जात समजलं जायचं. २०१४ साली डीएनए वाचल्यावर त्यात किमान १२६ जाती निघाल्या. उलटंही घडतं. ब्रायोरिया या दगडफुलाच्या दोन ‘जाती’, एक तपकिरी आणि एक पिवळसर विषारी, पण दोन्हींतली बुरशी जनुकांवरून वेगळी काढता आली नाही.

सरमिसळीचं काय? दगडफुलाचं शास्त्रीय नाव त्यातल्या बुरशीचं असतं. तपासणीसाठी डीएनएच्या नकला काढताना बुरशीलाच लागू पडणारे प्रायमर (नक्कल कुठून सुरू करायची हे ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरले की शेवाळाचा डीएनए मागे राहतो. डीएनएचा आयटीएस नावाचा तुकडा २०१२पासून बुरशांच्या ओळखीसाठी प्रमाण मानला जातो. जवळच्या जातींत तो कधी अपुरा पडतो. तेव्हा इतर जनुकं, रसायनं, आकार सोबत घ्यावे लागतात.

आता वाढीचा मुद्दा, सगळ्यात महत्त्वाचा. ती पिठासारखी भुकटी म्हणजे शेवाळाच्या पेशींना बुरशीच्या धाग्यांनी गुंडाळलेल्या पुड्याच. वाऱ्याने उडाल्या की जोडी सोबतच नव्या सालीवर रुजते. इथपर्यंत मजकुराचं बरोबर आहे. पण अनेक दगडफुलांवर बारीक वाट्या असतात. त्यांतून बुरशीचे बीजाणू उडतात, लैंगिक मीलनातून तयार झालेले, आणि त्या बुरशीला शेवाळ नव्याने शोधावं लागतं. मीलन कुणाशी, हे मीलन-जनुकं ठरवतात. झँथोरिया पॅरिएटिना ही पिवळी दगडफूल-बुरशी एकटीच बीजाणू तयार करू शकते. युरोपातल्या जुन्या जंगलांतल्या लोबॅरिया पल्मोनेरियाला मात्र विरुद्ध प्रकारचा जोडीदार लागतो, आणि हे प्रकार बाहेरून अगदी सारखे दिसतात. एखाद्या झाडावर लोबॅरिया भरघोस असली तरी ती सगळी एकाच प्रकारची असेल, तर तिथे वाट्या धरणार नाहीत. तिला जोडीदार जवळपास आहे की नाही, हे आसपासच्या लोबॅरियांच्या नखाएवढ्या तुकड्यांच्या डीएनएवरून कळतं.