‘एकच डेटाबेस, सगळे प्रश्न खल्लास’: या मेसेजमधलं किती टिकतं?

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: प्रत्येक नागरिकाच्या आरोग्य, कर, शिक्षण, मालमत्ता अशा सगळ्या नोंदी सरकारने एकाच केंद्रीय डेटाबेसमध्ये आणाव्यात. मग अपघातातल्या बेशुद्ध माणसाची माहिती डॉक्टरला क्षणात दिसेल, बोगस लाभार्थी आपोआप गळतील, सरकारी कार्यालयांचे खेटे संपतील. एस्टोनियाने हे केव्हाच करून दाखवलंय. माहिती एकाच ठिकाणी असली की राखायलाही सोपी, हवं तर नावं काढून टाकू, आणि कंपन्यांना तर तुम्ही सगळं देताच की. ज्याला काही लपवायचं नाही, त्याने घाबरायचं कारण नाही. शेवटी शंका घेणाऱ्यांना एक टोमणाही आहे: यांना कागदी फायलीच हव्यात.

खेटे संपावेत, ही मागणी रास्तच आहे. पण त्यावर सुचवलेला उपाय जरा उलटापालटा करून बघायला हवा.

एस्टोनियापासूनच सुरुवात करू, कारण मेसेजचा सगळा भार या उदाहरणावर आहे आणि नेमकं तेच चुकलंय. एस्टोनियात असा एक डेटाबेस नाहीच. तिथे २००१ पासून ‘एक्स-रोड’ नावाची देवाणघेवाणीची व्यवस्था चालते. लोकसंख्येच्या नोंदी एकीकडे, वाहनांच्या दुसरीकडे, आरोग्याच्या तिसरीकडे. एका खात्याला दुसऱ्याकडून काही हवं असलं, की डिजिटल सही केलेली, एन्क्रिप्ट केलेली (म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी) विनंती जाते, तेवढ्यापुरतं उत्तर येतं आणि या व्यवहाराची नोंद राहते. एका खात्याकडे असलेली माहिती पुन्हा गोळा करण्यासाठी वेगळा डेटाबेस उभारायला तिथल्या कायद्याची मनाई आहे. आपली माहिती कोणत्या खात्याने कधी पाहिली, हे बऱ्याच नोंदींच्या बाबतीत नागरिकाला स्वतः बघता येतं. म्हणजे एस्टोनियाने माहिती जोडली, एका ढिगात ओतली नाही.

तरीही २०१७ मध्ये त्यांना फटका बसलाच. तिथल्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघाला आणि सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची डिजिटल प्रमाणपत्रं स्थगित करावी लागली. देशाची लोकसंख्या जेमतेम तेरा लाख. विखुरलेल्या व्यवस्थेतही जी एक गोष्ट सगळीकडे सामाईक होती, तीच अडचणीत आली. सगळंच सामाईक करा म्हणणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

आता तो बेशुद्ध रुग्ण. मनाला भिडणारं उदाहरण आहे, म्हणूनच ते पहिलं येतं. पण केवळ कुठल्या तरी नोंदीत रक्तगट लिहिलाय म्हणून रुग्णाला रक्त चढवत नाहीत. नमुना तपासतात, क्रॉस-मॅच करतात, म्हणजे द्यायचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते पाहतात. तेवढा वेळच नसेल तर ओ गटाचं रक्त देतात. तातडीच्या वेळी डॉक्टरला हवं असतं ते थोडकंच: कुठली औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, मोठा आजार कोणता. वीस वर्षांपूर्वीचं समुपदेशन किंवा गर्भपाताची नोंद त्याच्या कामाची नसते. इंग्लंडने २००२ मध्ये सगळ्या रुग्णांच्या नोंदी एकत्र आणणारा अवाढव्य प्रकल्प हाती घेतला होता. २०११ मध्ये तो गुंडाळायची घोषणा झाली. त्याच्या एकूण खर्चाचा अंदाज पुढे जवळपास १० अब्ज पौंडांच्या घरात गेला. त्यातून वापरात राहिलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे रुग्णाचा छोटा गोषवारा, ज्यात मुळात चालू औषधं, ॲलर्जी आणि औषधांच्या वाईट प्रतिक्रिया एवढंच होतं. गरज होती तेवढीच.

‘बोगस लाभार्थी आपोआप गळतील’ या वाक्यातल्या ‘आपोआप’वर जरा थांबू. ऑस्ट्रेलियात नेमका हाच प्रयोग झाला, लोकांनी त्याला ‘रोबोडेट’ नाव दिलं. करखात्याकडे माणसाचं वर्षाचं उत्पन्न होतं. कल्याण खातं मदत ठरवायचं ती दर पंधरवड्याच्या उत्पन्नावर. संगणकाने वार्षिक उत्पन्नाला २६ ने भागलं आणि तेच त्या माणसाचं प्रत्येक पंधरवड्याचं उत्पन्न मानलं. समजा, एखादी व्यक्ती सहा महिने बेकार होती आणि त्या काळात तिने रीतसर मदत घेतली. पुढचे सहा महिने नोकरी केली. सरासरी काढल्यावर दिसतं काय, तर बाई वर्षभर कमावत होत्या आणि तरीही मदत लाटत होत्या! लागलीच वसुलीची नोटीस. ती चुकीची आहे हे सिद्ध करायचं नोटीस आलेल्याने, कैक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधून. २०१९ मध्ये ही पद्धत बेकायदा असल्याचं न्यायालयात मान्य झालं. २०२० मध्ये सरकारने सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्यांचे ७२ कोटी डॉलर परत करायची घोषणा केली. २०२३ मध्ये चौकशी आयोगाने या सगळ्या प्रकाराचे वाभाडे काढले.

इथे कुणी हॅकिंग केलं नव्हतं. दोन्ही खात्यांची माहिती आपापल्या जागी बरोबर होती. ‘उत्पन्न’ हा रकाना दोन्हीकडे होता, त्याचा अर्थ मात्र वेगवेगळा होता. डेटाबेस एकत्र करण्याच्या उत्साहात हा भाग नेहमी सुटतो: प्रत्येक नोंद एका विशिष्ट कामासाठी, त्या कामाच्या नियमांनी झालेली असते. ती उचलून दुसरीकडे चिकटवली की खरी माहितीसुद्धा खोटं बोलायला लागते. आणि चूक मध्यवर्ती नोंदीत शिरली की ती प्रत्येक खिडकीवर माणसाच्या आधी हजर असते.

‘एकाच ठिकाणी असेल तर राखायलाही सोपं,’ असंही मेसेजात आहे. २००७ मध्ये ब्रिटनच्या कर आणि सीमाशुल्क खात्याने बालभत्त्याची सगळी यादी दोन सीडींवर उतरवून लेखापरीक्षण कार्यालयाकडे नोंदणी न केलेल्या अंतर्गत टपालाने पाठवली. अडीच कोटी लोकांची नावं, पत्ते, जन्मतारखा, बँक खात्यांचे तपशील. सीडी पोहोचल्या नाहीत, पुढे सापडल्याही नाहीत. पासवर्ड होता, एन्क्रिप्शन नव्हतं. यातली खरी मेख वेगळीच आहे. लेखापरीक्षकांनी बँकेचे तपशील मागितलेच नव्हते, ते वगळा असं सुचवलं होतं. पण गाळणी लावायला जादा खर्च येतो म्हणून सगळंच पाठवलं गेलं. माहिती एकत्र असली की ती अख्खी उचलणं सगळ्यात स्वस्त पडतं, आणि कामाच्या रेट्यात माणसं तेच करतात.

अमेरिकेच्या कर्मचारी खात्यातून झालेली चोरी २०१५ मध्ये उघड झाली. २ कोटी १५ लाख लोकांची माहिती गेली, त्यात ५६ लाखांचे बोटांचे ठसे. पासवर्ड बदलता येतो. ठशांचं काय करणार?

‘नावं काढून टाकू’ हा पुढचा दिलासा. १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा डेटा नावं काढून संशोधकांना दिला गेला. लटान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने २० डॉलरला, गव्हर्नर राहायचे त्या केम्ब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही ताडून पाहिलं. राज्याच्या गव्हर्नरांची जन्मतारीख असलेले शहरात सहा जण, त्यातले पुरुष तीन, त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच. गव्हर्नरांच्या आजारांच्या नोंदी अशा हाती आल्या.

राहिलं ‘लपवायचं काय?’ नेदरलँड्सच्या लोकसंख्या नोंदवहीत धर्माचा रकाना होता. तो भरताना कुणी काही लपवत नव्हतं, लपवायची गरजही नव्हती. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि ती नोंदवही ज्यू नागरिकांना हुडकायच्या कामी आली. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार गटाने ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवलं, पण बहुतेक कार्डं वाचली. रकाना भरणारे आणि पुढे तो वाचणारे एकच नसतात. ‘कंपन्यांना तर सगळं देताच की’ या टोल्याला फार वेळ द्यायला नको. ॲप काढून टाकता येतं. सरकारी नोंदीतून बाहेर पडायची सोय नसते, म्हणूनच तिथे माहिती घेण्याला मर्यादा लागते.

आणि कागदी फायली कुणालाच नको आहेत. अठरा वर्षं पूर्ण आहेत का, हे तपासायला जन्मतारीखही लागत नाही, नोंदणी खात्याकडून ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढं उत्तर पुरतं. उत्पन्न मर्यादेखाली आहे का, याचंही तसंच. त्यासाठी प्रत्येक खात्याला आपल्या नोंदी स्वच्छ ठेवाव्या लागतात, सर्व्हर चालू ठेवावा लागतो, कुणी काय विचारलं ते लिहून ठेवावं लागतं. हे काम कटकटीचं आहे, त्याचं उद्घाटन थाटात करता येत नाही. पण खेटे त्यानेही संपतात.