पेपरवरचा पत्ता

सप्टेंबर 2025 मध्ये एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारची उच्च शिक्षणसंस्थांची, क्रमवारी जाहीर झाली, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या गटात 23व्या क्रमांकावरून 56व्या क्रमांकावर घसरले, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाविषयी जो वाद चालू आहे तो मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमधून नियमाने वाचते आणि नियमाने चिडते. घसरणीचे मला नवल वाटले नाही. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या आणि क्रमांक मात्र वर सरकावा अशी अपेक्षा करायची, हे जमणारे नव्हतेच. चीड येते ती या वादातून आपल्या तंत्रज्ञान विद्यापीठांसाठी काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांची. एक बाजू म्हणते, क्रमवारीत 30 टक्के गुण संशोधनाला आहेत, तेव्हा प्रत्येक अध्यापकाला दर वर्षी स्कोपस या संशोधनसूचीतले अमुक इतके शोधपेपर सक्तीचे करा. दुसरी बाजू म्हणते, हे पेपर म्हणजे निव्वळ रद्दी आहे. अभियांत्रिकीच्या शिक्षकांनी शिकवावे, परीक्षा घ्याव्यात आणि संशोधनाचे काम आयआयटींवर सोपवून मोकळे व्हावे. दोन्ही बाजूंचा शेवटचा पुरावा एकच असतो: "परदेशात बघा." त्या परदेशात मी नोकरी करते, त्यामुळे न विचारताच दोन्हीकडून माझी साक्ष काढली जाते.

साक्ष द्यायचीच तर ती अशी आहे. आमच्याकडे विद्यापीठांच्या संशोधनाचे दर सहा वर्षांनी जे मूल्यमापन होते, त्यातून उत्पादकता हा स्वतंत्र निकष 2015 पासूनच काढून टाकण्यात आला. 'व्हेनी' या अनुदानासाठी अर्ज करणाऱ्या तरुण संशोधकाला एनडब्ल्यूओ ही डच संशोधन-निधी संस्था आता एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि त्यांचे इतरांनी दिलेले संदर्भ यांवरून काढलेला आकडा, विचारत नाही; त्याने आपल्या निवडक कामांविषयी सलग मजकूर लिहायचा असतो आणि तो लिहिताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. उट्रेख्त विद्यापीठाने 2023 मध्ये टाइम्स हायर एज्युकेशनच्या क्रमवारीतून अंगच काढून घेतले. हे सगळ्यांना पटलेले नाही. 2021 मध्ये शंभरहून अधिक डच शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून, आकडे सोडले तर निवड मर्जीवर चालेल असा इशारा दिला होता, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे असे मला आजही वाटते. मात्र तो वाद मोजण्याने काय बिघडते आणि काय सावरते याविषयी होता; शेजारच्या विद्यापीठाने आपल्याला मागे टाकले की काय, या काळजीतून तो आलेला नव्हता.

संख्येचा आग्रह धरणाऱ्यांना मी नेहमी एकच उदाहरण देते. 2015 मध्ये डेल्फ्टच्या आवारात, एकमेकींपासून 1.3 किलोमीटरवर असलेल्या दोन प्रयोगशाळांत, हिऱ्यांमधील दोन इलेक्ट्रॉनांची क्वांटम गुंतागुंत, म्हणजे दूर असूनही एकमेकांशी बांधलेली अवस्था, घडवून जॉन बेल यांनी 1964 मध्ये मांडलेल्या असमानतेची चाचणी घेण्यात आली आणि आधीच्या प्रयोगांत राहून गेलेल्या, निष्कर्षावर शंका घ्यायला वाव देणाऱ्या मुख्य पळवाटा प्रथमच एकत्र बंद झाल्या. ही गुंतागुंत जुळवणारे प्रकाशकण वाटेत इतके हरवत की उपयोगी नोंद तासाला जेमतेम एक मिळे, आणि सारा निष्कर्ष 245 नोंदींवर उभा राहिला. त्यामागे कित्येक माणसांची कित्येक वर्षांची मेहनत होती. तक्त्यात मात्र तो पेपर 'एक' एवढाच. त्याच वर्षी सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील दोन प्रयोगगटांनी हिग्ज कणाच्या वस्तुमानावर जो संयुक्त पेपर प्रसिद्ध केला, त्याचे 5154 लेखक होते आणि 33 पानांपैकी 24 पाने लेखक व संस्थांच्या नावांनी भरलेली होती. सरळ मोजणी केली तर त्यातील प्रत्येक संस्थेच्या खात्यावरही तोच 'एक' जमा होतो. लायडन विद्यापीठाची क्रमवारी अशा श्रेयाची संस्थांमध्ये अपूर्णांकांत वाटणी करते, ती उगाच नव्हे.

तंत्रज्ञान विद्यापीठात तर ही अडचण प्रत्येक मजल्यावर वेगळे रूप घेते. गणिती एका सिद्धतेवर दोन-तीन वर्षे घालवतो. पदार्थांचे नमुने तयार करणारा गट एकाच मालिकेतून अनेक पेपर काढू शकतो आणि त्यात गैर काही नसते. संगणकशास्त्रात नियतकालिकापेक्षा परिषदेतला पेपर मानाचा समजला जातो. माझ्या क्षेत्रात, म्हणजे किनारी अभियांत्रिकीत, सर्वांत उपयोगी काम अनेकदा पेपर होतच नाही. ते बंधाऱ्याच्या आराखड्यात, मानकांच्या परिशिष्टात किंवा एखाद्या संगणकीय प्रारूपात जाऊन बसते. डेल्फ्टमध्ये तयार झालेले 'स्वान' हे लाटांचे प्रारूप जगभरातील बंदरांचे अभियंते विनामूल्य वापरतात. त्यातल्या एकेका दुरुस्तीला कोणती क्रमवारी गुण देते?

हे शहाणपण मला इथे आल्यावरच मिळाले असा आव मी आणणार नाही. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र 1916 पासून नद्यांची, धरणांची आणि बंदरांची प्रारूपे बांधून पाहत आले आहे, आणि त्याचे खरे उत्पादन म्हणजे प्रकल्पांच्या फायलींत गेलेले तांत्रिक अहवाल. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या यूडीसीटीत, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत, मनमोहन शर्मा यांनी उद्योगांच्या अडचणी प्रयोगशाळेत आणल्या, त्यांतून रासायनिक अभियांत्रिकीचे मूलभूत काम उभे केले आणि 1990 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळवणारे ते पहिले भारतीय अभियंता ठरले. त्यांच्या काळी पेपर मोजून पदोन्नतीचे गुण देणारे एपीआय नव्हते. हे वाक्य मी पुण्यातल्या मित्रांना ऐकवते तेव्हा ते हसतात आणि म्हणतात, त्यांनी सुरुवात केली तेव्हा विनाअनुदानित महाविद्यालयेही नव्हती. तेही खरे आहे. 1983 मध्ये ती वाट मोकळी झाल्यावर शिक्षकांची संख्या इतकी वाढली की त्या सर्वांचे काम वाचून पारखणे कोणाच्याच आवाक्यात राहिले नाही, आणि जिथे वाचणारा उरत नाही तिथे मोजणारा येऊन बसतो.

मग 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) एपीआय आणले आणि पदोन्नतीचे गुण पेपरांवर मिळू लागले. गुणांसाठी पेपर हवे, पेपरांसाठी नियतकालिके हवीत, म्हणून पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी नियतकालिके निघाली. ती रोखण्यासाठी मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली; त्या यादीतच इतका भरणा झाला की मे 2018 मध्ये 4305 नावे एकदम वगळावी लागली. पुढे पारखून निवडलेल्या नियतकालिकांची 'केअर' यादी आली, तिचा कक्ष पुणे विद्यापीठातच होता, आणि 2025 मध्ये ती यादीही बंद झाली. पीएच.डी.साठी 2016 च्या नियमांनी एक पेपर सक्तीचा केला, 2022 च्या नियमांनी ती सक्ती उठवली. आता मागे घेतलेल्या पेपरांसाठी एनआयआरएफमध्ये गुण वजा होतात. प्रत्येक नियम आधीच्या नियमाने लावलेल्या रोगावरचा उपाय होता. शिक्षकाच्या आठवड्यात एक तास मोकळा करणारा नियम त्यांत एकही नव्हता.

मागे घेतलेल्या पेपरांचा उल्लेख आला की तिकडचे लोक मान खाली घालतात, म्हणून आमच्या घरातली गोष्ट सांगते. 2018 मध्ये डेल्फ्टच्या एका नामांकित गटाने 'नेचर'मध्ये मेजोराना कणांविषयी, म्हणजे स्वतःच स्वतःचे प्रतिकण असलेल्या कणांविषयी, पेपर प्रसिद्ध केला. क्वांटम संगणकाची नवी वाट सापडली म्हणून त्याचे जगभर कौतुक झाले. 2021 मध्ये लेखकांनीच, आपल्या कामात पुरेशी शास्त्रीय काटेकोरता नव्हती असे लिहून, तो मागे घेतला. हे उघडकीला कसे आले? त्याच गटात पूर्वी काम केलेल्या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनी छापील आलेखामागची मूळ मोजमापे मागितली आणि हाती आलेले आकडे छापील आलेखांशी ताडून पाहिले. चूक डेल्फ्टमध्येही होते आणि मोठ्या नावाखाली होते. मला महत्त्वाचे वाटते ते मोजमापे मागता येणे. महाराष्ट्रातल्या किती तंत्रज्ञान विद्यापीठांत एखादा संशोधक विद्यार्थी आपल्या मार्गदर्शकाला "सर, मूळ नोंदी दाखवता का?" असे विचारून त्याच वर्षी प्रबंध सादर करू शकेल? पेपरांची सक्ती असावी की नसावी, यावर रकाने भरतात. या प्रश्नावर कोणी लिहीत नाही.

एवढे लिहून झाल्यावर मला माझ्याच सुराचा थोडा राग येतो. भारत संशोधन आणि विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के खर्च करतो. नेदरलँड्सचा आकडा दोन टक्क्यांच्या वर आहे. भारतात सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन, वर परीक्षा, नॅक-मूल्यांकनाच्या फायली आणि निवडणुकीची कामे. ज्याची नेमणूक तासिका तत्त्वावर आहे, त्याला पुढच्या सत्रात नोकरी असेल का हेही माहीत नसते. इथे माझे संशोधक विद्यार्थी चार वर्षांच्या करारावर पगारी कर्मचारी असतात आणि संध्याकाळी सहानंतर मेलला उत्तर देत नाहीत. न मोजण्याची चैन ज्यांनी आधी भरपूर मोजून घेतले आहे आणि ज्यांच्या तिजोरीत पैसा आहे त्यांना परवडते. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च शिक्षणातील कपातीविरुद्ध आम्ही हेगमधील मालिफेल्ड मैदानावर जमलो होतो, तेव्हा शेजारचा सहकारी संतापून म्हणाला की आता आपली भारतासारखी अवस्था होणार. मी काहीच बोलले नाही. आपल्या विद्यापीठांची एवढी उणीदुणी काढणारी मी, त्या वाक्याने मात्र दुखावले गेले. आणि दुखावल्यावर मनात जो बचाव तयार झाला, तो शब्दशः त्या 'पेपर वाढवा' म्हणणाऱ्यांचाच होता: पेपरांच्या संख्येत भारत जगात तिसरा आहे, हे तुला ठाऊक आहे का?

या पार्श्वभूमीवर गेल्या वर्षी माझ्या एका वर्गमित्राचे पत्र आले. मी जिथे शिकले त्या संस्थेत तो आता संशोधनाचे काम पाहतो. मला अभ्यागत प्राध्यापक म्हणून नेमायचे, मोबदला काही नाही, कामही काही नाही. फक्त यापुढच्या माझ्या प्रत्येक पेपरवर डेल्फ्टच्या खाली संस्थेचा पत्ता घालायचा. "अगं, एक ओळ तर टाकायची आहे," असे त्याने लिहिले होते. त्या एका ओळीने माझे पेपर त्यांच्या खात्यावर चढले असते. मी तत्त्वाच्या भाषेत नकार कळवला: जिथे काम झाले त्याचाच पत्ता, हा नियम आहे, आणि तो मोडणे म्हणजे आपण ज्याला नावे ठेवतो त्याच बाजारात उतरणे.

नकार योग्य होता, याविषयी मला शंका नाही. पण तो देताना जे सुख झाले ते तत्त्वाचे नव्हते. इतक्या वर्षांनी तिकडे कोणाला तरी माझे नाव हवे होते, याचे ते होते, आणि ते पत्र मी कामाच्या फोल्डरमध्ये न ठेवता दुसरीकडे जपून ठेवले आहे. येथील पेपरांवर माझे आडनाव डच सहकाऱ्यांच्या नावांशेजारी छापले जाते. विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात ते काम डच संशोधन म्हणून मोजले जाते, भारतातल्या एखाद्या भाषणात तेच 'परदेशात चमकलेली आपली बुद्धिमत्ता' म्हणून मोजले जाते, आणि ज्या प्रयोगशाळेत मी वाहत्या पाण्याची खोली मोजायला पहिल्यांदा शिकले तिच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. अपूर्णांकांत वाटणी करणाऱ्या कोणत्याही पद्धतीत या हिश्शासाठी रकाना नाही.

त्या पत्रव्यवहारातून एक काम मात्र निघाले. मित्राच्या विभागातील एक एम.टेक.ची विद्यार्थिनी कोकणातल्या एका खाडीत गाळ किती वेगाने साचतो याची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजमापे घेत होती. तिच्या नोंदवह्या मी ऑनलाइन पाहिल्या आणि त्या इतक्या स्वच्छ होत्या की आम्ही त्यांवर पेपर लिहायला घेतला. पहिले नाव तिचे, पहिला पत्ता तिच्या संस्थेचा, मोजमापे सर्वांसाठी खुली. माझे नाव शेवटी आणि त्याखाली डेल्फ्ट. भारतीय किनाऱ्यांवर काम करणारे अभियंते जे वाचतात अशा साध्या नियतकालिकाकडे तो पाठवायचे आम्ही ठरवले आहे. मित्राने लगेच विचारले की ते नियतकालिक क्यू-वनमध्ये, म्हणजे त्या विषयातल्या वरच्या पाव हिश्शात येते का, कारण विद्यापीठाच्या नव्या सूत्रात पूर्ण गुण त्यालाच आहेत. येत नाही, असे मी त्याला कळवले आहे, आणि विद्यार्थिनीला उरलेल्या दोन ठाण्यांच्या नोंदी पाठवायला सांगितले आहे.