पिट्सबर्गचाही पूल पडला होता

मावळातला कुंडमळ्याचा पूल १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीत कोसळला, चार जीव गेले, आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमीची जुंपली. काकांचं म्हणणं, पूल धोकादायक आहे हे माहीत असूनही लोक त्यावर गर्दी करून फोटो काढतात, आपल्याकडे शिस्तच नाही. शेवटी गाडी माझ्यावर आली: "तुमच्या तिकडे असलं काही होत नसेल."

होतं की! मी राहतो त्या अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये २८ जानेवारी २०२२ च्या पहाटे फर्न हॉलो पूल दरीत गेला. फोर्ब्स ॲव्हेन्यूवरचा रोजच्या रहदारीचा पूल, सिटी बससकट. माणसं जखमी झाली, पण मेलं कुणी नाही. बर्फामुळे शाळा दोन तास उशिरा भरणार होत्या, म्हणून रस्ता मोकळा होता, बाकी नशीब. त्याच दिवशी अध्यक्ष बायडन पायाभूत सुविधांवर भाषण ठोकायला शहरात येणार होते.

पूल पडला तो गंजून. पुलावरचं पाणी वाहून जायची तोंडं पानापाचोळ्यानं तुंबलेली, ते पाणी झिरपत लोखंडी पायांवर. तपासणी व्हायची, अहवालात दुरुस्ती सुचवली जायची, महापालिका कागद बाजूला ठेवायची. २०१८ मध्ये एका नागरिकानं गंजून तुटलेल्या आडव्या पट्टीचा फोटोही ट्विटरवर टाकला होता. म्हणजे काय, तर नालेसफाई झाली नाही. नवा पूल मात्र वर्षाच्या आत उभा! ही रीत पुण्यामुंबईला वेगळी समजवायला नको.

शिस्तीचं म्हणाल, तर इथे बर्फ पडला की लोक फावड्यानं गाडीपुरती जागा मोकळी करतात आणि तिथे घरातली मोडकी खुर्ची मांडून ठेवतात. रस्ता सरकारी, खुर्चीला कायद्याचा आधार शून्य. तरी ती हलवायची कुणाची टाप नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण यांचे सख्खे भाऊच.

फरक पुढे आहे. रेल्वे-विमान अपघात तपासणाऱ्या स्वतंत्र केंद्रीय संस्थेनं दोन वर्षं चौकशी केली आणि २०२४ मध्ये जाहीर सांगितलं की शहरानं दुरुस्तीच्या शिफारशी वर्षानुवर्षं धाब्यावर बसवल्या. कुणाला शिक्षा करायचा अधिकार त्या संस्थेला नाही, पण तो अहवाल आज कुणीही घरबसल्या वाचू शकतो. आपल्याकडे महाडजवळ सावित्रीचा पूल २०१६ मध्ये वाहून गेला, तेव्हाही स्ट्रक्चरल ऑडिटचे आदेश निघालेच होते. त्यांतलं आपल्या तालुक्यातल्या पुलाचं पान काकांनी पाहिलंय का? मी विचारलं. ते म्हणाले, "ते आम्हाला कोण दाखवणार?"

पर्यटकांना शिव्या घालण्यात त्यांची अख्खी संध्याकाळ गेली. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.