‘वॉज’ दिसला की खोडायचा?

इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी ‘पाच अटळ नियम’ सांगणारे एक चित्र सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. मी ते दोनदा न वाचताच सोडून दिले होते. परंतु माझ्या भाचीने त्याच्या आधाराने आपला उत्तम जमलेला निबंध ‘सुधारून’ मला दाखवला, तेव्हा गप्प बसवेना.

सर्वांत घातक आहे तो तिसरा नियम: ‘वाक्यात वॉज किंवा वेअर आले की तो पॅसिव्ह व्हॉइस (कर्मणी प्रयोग), तो लगेच काढा.’ हे साफ चूक आहे. ‘शी वॉज रायटिंग’ हा अपूर्ण भूतकाळ आहे आणि ‘शी वॉज अलोन’ यात कर्मच नाही, तर कर्मणी प्रयोग येणार कुठून? भाचीने ‘शी वॉज रायटिंग व्हेन द लाइट्स वेंट आउट’ याचे ‘शी रोट व्हेन द लाइट्स वेंट आउट’ केले. लिहिता लिहिता दिवे गेले, हा मूळ अर्थ. आता दिवे गेल्यावर बाईंनी लेखणी उचलली असे झाले. ‘शी वॉज बॉर्न’ हे रूप मात्र खरोखर कर्मणी आहे. त्याऐवजी तिने ‘हर मदर गेव्ह बर्थ टू हर’ लिहिले आणि आजीवरच्या निबंधात पहिल्याच ओळीला पणजी येऊन बसली. ‘मिस्टेक्स वेअर मेड’ असे म्हणून चूक करणाऱ्याला लपवता येते, एवढी तक्रार रास्त आहे आणि ती मी मान्य करते. पण त्यासाठी अख्खा प्रयोग हद्दपार करण्याचे कारण नाही.

वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन नको आणि ‘टू’ व क्रियापद यांच्यामध्ये शब्द नको, या दोन नियमांचा समाचार इंग्रज कोशकार फाउलर यांनी 1926 सालच्या आपल्या ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’ या कोशातच घेतला आहे. ‘पीपल वर्थ टॉकिंग टू’ असे म्हणण्याची सोय सहजासहजी सोडू नये, असे ते बजावतात. ‘टू’ क्रियापदापासून तोडणे त्यांनाही फारसे आवडत नव्हते, परंतु संदिग्ध किंवा कृत्रिम वाक्यापेक्षा ते बरे, हा त्यांचा निर्वाळा आहे. लॅटिनमध्ये ‘टू राइट’सारखे रूप एकाच शब्दाचे असते म्हणून इंग्रजीतही ते तोडू नये, असा युक्तिवाद कोणी केलाच, तर मराठीतले ‘लिहिणे’ही एकच शब्द आहे, म्हणून आपण इंग्रजीला मराठीचे नियम लावत नाही.

‘अँड’ने वाक्य सुरू करू नये म्हणणाऱ्यांनी 1611 च्या इंग्रजी बायबलचा पहिला अध्याय उघडावा, तिथे ओळीमागून ओळ ‘अँड’नेच सुरू होते. एका व्यक्तीसाठी ‘दे’ हे अनेकवचनी सर्वनाम वापरणे ही आजची फॅशन म्हणावी, तर तो वापर चौदाव्या शतकापासून सापडतो.

भाचीने ‘वॉज रायटिंग’ परत घेतले आहे. पणजीला मात्र ती अजून हलवायला तयार नाही.